सात आण्यांचा हिशेब

नानांकडे शिडी मागायला जाऊ नये, हे मला सिडकोत राहायला आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात कळलं. पंख्यावरची जळमटं काढायची होती. पाच मिनिटांचं काम. नानांनी शिडी बाहेर आणली, पण हातातून सोडली नाही.

"भिंतीपासून किती अंतरावर टेकवणार?" त्यांनी विचारलं.

"अशीच... तिरकी," मी म्हणालो.

गिऱ्हाईक पायरी चढताना दिसल्यावर गुलमंडीतल्या कापडवाल्याचा चेहरा उजळतो तसा नानांचा चेहरा उजळला. "बंटी! बाहेर ये. काकांना तीन-चार-पाचचा त्रिकोण दाखव."

आतून आठ वर्षांचा एक मुलगा अर्धी पोळी हातात घेऊन आला. त्यानं फरशीवर खडूनं त्रिकोण काढला, तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, असं एका दमात म्हणून टाकलं आणि उरलेली पोळी तोंडात कोंबून आत पळाला. शिडी मला पस्तीस मिनिटांनी मिळाली. तोवर आमच्याकडची लाईट गेली होती आणि अंधारात पंखा सापडत नव्हता.

नाना पाटबंधारे खात्यातले निवृत्त लेखा लिपिक. जायकवाडीच्या कामांची बिलं त्यांनी बत्तीस वर्षं तपासली. कालवा पाहिला असेल चार वेळा, कालव्याचं बिल पाहिलं चार हजार वेळा. "आमच्या टेबलावरून पस्तीस पैशांची तफावतसुद्धा पुढे सरकली नाही," हे ते अजूनही लग्नकार्यात, समोरच्यानं विचारलं नसताना सांगतात. निवृत्तीनंतर तपासायला बिलं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी नातवाचं शिक्षण तपासायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी आक्षेप नोंदवला : शाळेत शिकवतात ते अपुरं आहे.

हा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. कुठे तो आजोबा असतो, कुठे बाप, कुठे बिनलग्नाचा मामा. शर्टाच्या खिशात दोन पेनं, पेनांमागे वर्तमानपत्राची कात्रणं आणि ओठांवर एक वाक्य : "त्यावरून आठवलं." या वाक्यापाशी शहाणी माणसं चपला शोधायला लागतात. पोरांना ती सोय नसते. पोरं त्याच घरात राहतात.

नानांचं तत्त्व साधं होतं. "शाळा नांगरून देते. पेरायचं घरी."

"अन् उगवलं का म्हणून रोज उकरून बघायचं, तेही घरीच," माई पोळपाटावरून मान वर न करता म्हणायच्या.

पेरणीचं बियाणं मराठी विश्वकोशाचं. नानांनी त्याचे खंड एकेक करून, पगारातून आणलेले, आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या वर फळी ठोकून मांडलेले. विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली 1976 साली निघाला आणि जायकवाडीचं उद्‌घाटनही 1976 चंच, हा योगायोग नानांना दैवी वाटे. "एकाच वर्षी महाराष्ट्रानं पाणीही साठवलं आणि ज्ञानही!"

त्यांच्या सूनबाई बँकेत आहेत, त्यामुळे त्यांना जमा आणि नावे दोन्ही बाजू दिसतात. त्या म्हणाल्या, "फक्त पुरवठ्यात फरक पडला, नाना. पाणी आठवड्यातून एकदा येतं. ज्ञान चोवीस तास."

नाना हिशेबनीस असल्यामुळे त्यांनी विश्वकोशही पान एकपासून घेतला. मधलं उघडून वाचणं म्हणजे त्यांच्या मते रोकडवहीची पानं सोडणं. परिणाम असा झाला की तिसरीतल्या बंटीला अंटार्क्टिका, अफू आणि अमीबा यांची खडान्‌खडा माहिती होती, पण कांगारूबद्दल विचारलं की तो शांतपणे सांगे, "'क' अजून यायचाय."

घरातली एकही वस्तू आपल्या मूळ कामापुरती राहिली नव्हती. मोहरी तडतडली की थांबायचं : ती का तडतडते? मोहरीच्या आत ओलावा असतो, त्याची वाफ होते, टरफल फुटतं. हे होईपर्यंत मोहरी जळालेली. कुकरची शिट्टी, विरजण, पोळी फुगणं, सगळ्याला प्रकरणं जोडलेली. सोपी गोष्ट अशी एकच होती, झोप. तीही पाण्याच्या दिवशी नसे.

आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा वार असतो आणि तो वारही पाळला जातोच असं नाही. वेळ तर कधीच माणसाच्या सोयीची नसते. रात्री अडीचला नळातून फुस्स असा आवाज आला की सगळी गल्ली उठते. मोटारी घरघरतात, ड्रम सरकतात, कुणीतरी कुणालातरी "अहो, व्हॉल्व्ह!" म्हणून ओरडतं. या गदारोळात नाना बंटीला उठवून टाकीपाशी उभं करत. कारण जलव्यवस्थापन शिकायला याहून योग्य मुहूर्त कोणता?

"हे गाव मलिक अंबरनं 1610 साली वसवलं. तेव्हा नाव खडकी. कोण होता मलिक अंबर?"

"हबशी," बंटी डोळे मिटूनच म्हणे. "आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेला आणि निजामशाहीचा वजीर झाला."

"शाब्बास. त्यानं नहर-ए-अंबरी काढली. उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उतारावर गावात आणलं. ना मोटार, ना लाईटबिल. पाणचक्कीचं पाणीही असंच हर्सूलकडच्या डोंगरातून येतं, उंचावरून पात्यांवर पडतं आणि जातं फिरतं. फकिरांसाठी पीठ दळलं जायचं त्यावर. आणि आज?"

"आज पैठणहून. नाथसागरातून."

"पैठण वर की आपण वर?"

"आपण." मग बंटीचा एक डोळा उघडे. "नाना, वरचं पाणी आपोआप खाली येत होतं, ते सोडून खालचं वर का ओढतात?"

हा प्रश्न महापालिकेच्या कुठल्याही सभेत शोभला असता. नाना उत्तराला लागत : लोकसंख्या, नहरींवर झालेली बांधकामं, गाळ, उपसा. उत्तर रंगात येई तोवर गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागलेली असे आणि आठ दिवसांनी आलेलं पाणी नानांच्या पागोळीतून आमच्या अंगणात येई. मी बादली लावून ठेवत असे. शेजारधर्म.

बाजाराचा धडा रविवारी. औरंगपुऱ्यातल्या मंडईत नाना बंटीला पावकी, निमकी, दिडकी आणि औटकी शिकवायला नेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो हल्ली कुठल्याच शाळेत नाही, आणि नेमका म्हणूनच नानांच्या घरी होता. पण पाढा वापरायचा तर वस्तू साडेतीन किलो घ्यायला हवी. कांदे अठरा रुपये किलो. "अठरा औटे?" नानांनी विचारलं. बंटी वर बघून ओठ हलवायला लागला.

"त्रेसष्ट," भाजीवाली म्हणाली आणि पिशवीत ओतून मोकळी झाली.

"बघ!" नाना हरखून म्हणाले. "शाळेचं तोंड न पाहिलेली बाई!"

"मी बी.कॉम. आहे, बाबा," ती म्हणाली. "तेवढे सुट्टे द्या."

घरी चार माणसं. आधीच्या रविवारचे साडेतीन किलो कांदे पलंगाखाली पसरलेले. "औटकी पाठ झाली की पावकी घ्या आता," माई म्हणाल्या. "पाव किलोत भागतं आमचं."

दिवाळीतला किल्ला हा पोरांचा प्रांत. माती, विटा, गोणपाट, अळीव. मोठ्यांनी त्यात नाक खुपसायचं नाही, असा महाराष्ट्राचा अलिखित कायदा. नानांनी त्यावरही लेखी आक्षेप घेतला. किल्ला व्हायचा तर देवगिरीच, मापात, खंदकासकट. तीन दिवस सुतळीनं मोजमाप चाललं. चौथ्या दिवशी बंटीनं हळूच आपला रबरी डायनासोर माचीवर आणून ठेवला.

"उचल तो."

"नाना, पहारेकरी आहे तो."

"बंटी, हा खडक दख्खनच्या लाव्ह्याचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतला गेला, त्याच सुमारास डायनासोर संपले. भिल्लम यादवानं देवगिरी वसवली बाराव्या शतकात. मधल्या साडेसहा कोटी वर्षांचं काय करायचं?"

बंटीनं डायनासोर उचलला आणि खंदकात पुरला. "आता जीवाश्म आहे," तो म्हणाला. नानांना आक्षेप घ्यायला जागा राहिली नाही. मला वाटतं, हा मुलगा कुठे निघालाय ते नानांनी त्या दिवशीच ओळखायला हवं होतं.

वेरूळच्या सहलीचं मी सविस्तर लिहीत नाही, कारण त्यातले लातूरचे पाहुणे अजून आमच्याशी बोलतात आणि ते बोलणं टिकावं अशी इच्छा आहे. एवढंच सांगतो की लेणी चौतीस, बारा बौद्ध, सतरा हिंदू, पाच जैन, आणि नानांनी ती रोकडवहीप्रमाणे एकपासून घेतली. तीनमजली बाराव्या लेण्यात पाहुण्यांनी बसकण मारली. सोळावं कैलास लेणं आलं तेव्हा सगळे दाराकडे धावले, तर नाना आडवे आले. "आधी वर! डोंगरावरून बघायचं. राष्ट्रकूटांनी, कृष्ण पहिल्याच्या काळात, हे कळसापासून पायाकडे खोदत आणलं. बघायचंही त्याच क्रमानं."

पाहुणे भर उन्हात कड्यावर उभे. बंटी खाली वाकून बराच वेळ बघत होता.

"नाना, वरून खाली खोदताना एक हत्ती चुकला तर?"

"चुकायचाच नाही."

"पण चुकला तर? दगड परत चिकटवता येत नाही. म्हणजे त्यांच्याकडे खोडरबर नव्हतं." थोडं थांबून तो म्हणाला, "मग त्यांनी आधी खूप वेळ नुसतं बघितलं असेल."

नाना तोवर अठराव्या शतकात पोचले होते. त्यांना हे ऐकू गेलं नाही.

शाळेतून बोलावणं यायला फार दिवस लागले नाहीत. 'माझे शहर' या विषयावर पाच ओळी लिहायच्या होत्या. बंटीच्या चार ओळी नुसत्या नावातच गेल्या : खडकी 1610, फतेहनगर 1626, औरंगाबाद 1653 आणि आता छत्रपती संभाजीनगर. पाचव्या ओळीत त्यानं लिहिलं होतं, "शहराबद्दल पुढील माहितीसाठी पुरवणी द्यावी." पालकसभेत बाईंनी फार सौम्यपणे सांगितलं की मुलगा हुशार आहे, पण उत्तराआधी प्रश्न विचारतो. नानांनी हे प्रशस्तिपत्रक समजून घरी सगळ्यांना पेढे वाटले.

त्यांच्या पोतडीतला सगळ्यात लाडका ऐवज मात्र बीबी का मकबरा होता. कुणीही पाहुणा आला की त्याला मकबरा दाखवायचा. आणि तिथल्या संगमरवरापेक्षा नानांना प्रिय होता तो खर्च. ताजमहालाची गरीब बहीण वगैरे लोक म्हणत, ते नाना कानांआड करत. "सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे!" कमानीखाली उभं राहून ते गर्जत. "सात आणे! मोगलांच्या कारकुनानं सात आणेसुद्धा सोडले नाहीत. याला म्हणतात लेखा." साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारकुनाबद्दल त्यांचा आवाज असा भरून येई की वाटे, दोघं एकाच टेबलावर डबा खात असावेत. त्यापाठोपाठ बाकीचं : औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, तिच्या स्मरणार्थ मुलगा आझमशहानं बांधला, 1651 ते 1661, वास्तुकार अताउल्ला, म्हणजे ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, आणि अभियंता हंसपत राय. "दोघांची नावं दारावरच्या पितळी पत्र्यावर कोरलेली आहेत. डोळ्यांनी बघा."

लोक डोळ्यांनी पत्रा बघत आणि मान हलवत.

बंटी सहावीत असताना आंतरशालेय प्रश्नमंजूषा झाली. शाळेच्या संघात बंटी. नानांनी आम्हा सगळ्यांना दोन रिक्षांत घालून नेलं. आपण पहिल्या रांगेत, शर्टाच्या खिशात तीन पेनं. एक जादा, समारंभाचं.

शेवटची फेरी. सूत्रसंचालक कोट घातलेला, घाईतला तरुण. "आपल्या शहराचा प्रश्न! बीबी का मकबरा कुणी बांधला? अ, शहाजहान. ब, मलिक अंबर. क, आझमशहा. ड, हैदर अली."

नानांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बंटीनं घंटी दाबली. मग थांबला.

"सर, कधी बांधला ते धरायचं?"

"म्हणजे?"

"1651 ते 1661 म्हणतात ना, ते धरायचं असेल तर घोटाळा होतो. दिलरास बानू बेगम 1657 मध्ये वारली. मग तिची कबर सहा वर्षं आधी कशी सुरू केली? आणि आझमशहा जन्मला 1653 मध्ये. म्हणजे काम सुरू झालं तेव्हा तो नव्हताच, आणि संपलं तेव्हा तो आठ वर्षांचा."

सभागृहात शांतता पसरली. सूत्रसंचालक कार्डाची मागची बाजू बघत होता. तिथे काही नव्हतं.

"आठ वर्षांचा मुलगा एवढं कसं बांधेल?" बंटी मनापासून म्हणाला. "मी अकरा वर्षांचा आहे, मला घरी किल्ला पण माझ्या मनानं करू देत नाहीत."

हशा झाला. वेळ संपल्याची घंटा वाजली. प्रश्न शेजारच्या संघाकडे गेला, तिथल्या मुलीनं "क" म्हटलं, दहा गुण घेतले आणि ढाल घेऊन गेली.

परतताना रिक्षात नाना बोलले नाहीत. क्रांती चौकात सिग्नलला तीन वेळा थांबलो, शिवाजी महाराजांचा पुतळा समोर, तरी बोलले नाहीत. रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "चचा की तबियत बराबर है ना?"

"नाना, मी चुकलो का?" बंटीनं विचारलं.

"तारखा कुणी सांगितल्या तुला?"

"तुम्हीच. 1657 तुम्ही खुलताबादला सांगितलं. 1653 औरंगजेबाच्या मुलांचा तक्ता केला तेव्हा. आणि 1651 तर तुम्ही सगळ्यांनाच सांगता." मग तो हलकेच म्हणाला, "नाना, त्या कारकुनानं सात आण्यांचा हिशेब ठेवला. मग मुलाचं वय कुणी का मोजलं नाही?"

तिन्ही नोंदी नानांच्याच वहीतल्या होत्या. फक्त तीन वेगळ्या पानांवर होत्या, आणि नानांनी आयुष्यात ही तीन पानं कधी शेजारी ठेवली नव्हती. पस्तीस पैशांची तफावत पकडणारा माणूस गेली तीस वर्षं पाहुण्यांना सहा वर्षांची तफावत ऐकवत होता, तीही कमानीखाली उभं राहून, मोठ्यानं.

त्या रात्री नेमकं पाणी आलं. नाना उठले, मोटार लावली, टाकी भरताच बंद केली, झोपले. मलिक अंबराचं नाव निघालं नाही. आमच्या अंगणात पाण्याचा थेंब आला नाही. मी लावलेली बादली सकाळी कोरडी बघून माझ्या पोटात गोळा आला.

पुढचे तीन दिवस नाना ग्रंथालयात जाऊन बसले. चौथ्या दिवशी फाटकापाशी मला गाठून, खासगी आजाराबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाले, "मतभेद आहेत." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. काही अभ्यासकांच्या मते बेगम वारल्यावर खुद्द औरंगजेबानंच मकबरा बांधून घेतला आणि आझमशहानं पुढे मोठेपणी त्याची देखभाल केली. "म्हणजे पोराचा आक्षेप मान्य करावा लागतो," नाना म्हणाले. मग जरा अभिमानानं, "लेखी."

रविवारी ते बंटीला घेऊन मकबऱ्यावर गेले. मलाही नेलं, साक्षीदार लागतो म्हणून. नानांना मूळ कागद बघायचा होता. पुस्तकं काहीही म्हणोत, दारावरचा पितळी पत्रा तर खोटं बोलणार नाही. पाच-पंचवीस पर्यटक फोटो काढत होते. नाना दारापाशी गेले, चष्मा पुसला आणि सवयीनं सुरू झाले, "इथे अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं..."

"कुठे?" बंटी म्हणाला. "बोट ठेवा ना. हंसपत राय कुठे आहे?"

नानांचं बोट पत्र्याजवळ गेलं. वेलबुट्टीवरून उजवीकडे सरकलं, मग डावीकडे, मग नुसतं हवेत राहिलं.

"मला ही लिपी येत नाही रे," नाना म्हणाले.

बंटी हसला नाही. त्यानं आजोबांकडे नीट बघितलं आणि त्यांच्याच खात्याच्या भाषेत विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं बिल न बघता सही केलीत?"

बत्तीस वर्षांच्या नोकरीत हा आरोप नानांवर कुणी केला नव्हता. मी कारंज्यांकडे बघू लागलो. काही वेळानं मागे वळलो तर नाना खिशातून पेन काढून, पत्र्यावरची वळणं कात्रणाच्या पाठीवर उतरवून घेत होते. ती उलट्या बाजूनं उतरवत होते. डावीकडून.

शहागंजच्या बाजूला एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणतात. नाना आता आठवड्यातून तीन दिवस त्यांच्याकडे जातात. आधी उर्दू, मग झेपलं तर फारसी, असा बेत आहे. मास्टरसाहेबांनी फी घेतली नाही, फक्त एक अट घातली : तासाला मधे बोलायचं नाही. पहिल्या दिवशी नानांनी "त्यावरून आठवलं" म्हटलं, तर मास्टरसाहेबांनी त्यांना अलिफ पन्नास वेळा लिहायला लावला. अलिफ म्हणजे उभी रेघ. नानांच्या पन्नास रेघा अगदी सारख्या उंचीच्या आल्या, लेजरच्या. मास्टरसाहेब म्हणाले, "माशाल्ला, हात साफ है. अब जबान पर काम करेंगे."

गेल्या आठवड्यात दिवाळीची साफसफाई निघाली आणि पंख्यावरची जळमटं पुन्हा डोळ्यांत आली. मी मनाची तयारी करून, जेवण उरकून, नानांकडे शिडी मागायला गेलो. दिवाणखान्यात नाना खाली सतरंजीवर बसून वही लिहीत होते. समोर बंटी लाल पेन घेऊन. आत माई कांदा चिरत होत्या, एकच.

"नाना, हे बे नाही," बंटी म्हणाला. "बेला खाली एकच नुक्ता. तुम्ही तीन दिलेत. हे पे झालं."

"दोन टिंबं जास्त पडली, एवढंच ना?"

"एवढंच?" बंटीनं चष्म्यावरून बघावं तसं बघितलं, चष्मा नसतानाही. "पस्तीस पैशांची तफावत चालते का?"

नानांनी मुकाट्यानं खोडलं. बंटीनं पान पुढे सरकवलं. "नुक्त्यावरून आठवलं..."

"अरे, आधी दोन घास खाऊ दे," नाना कळवळून म्हणाले. "सकाळपासून बसलोय."

आतून माईंच्या हसण्याचा आवाज आला. चार वर्षांत मी तो पहिल्यांदाच ऐकला.

नानांनी मला बघितलं आणि शिडीकडे नुसती मान हलवली : घेऊन जा. त्रिकोण नाही, खडू नाही. अर्ध्या मिनिटात शिडी माझ्या खांद्यावर होती. इतकं सोपं होतं की मला चुकल्यासारखं झालं. फाटकाची कडी काढली, एक पाय रस्त्यावर टाकला, तेवढ्यात मागून बंटीचा आवाज आला.

"काका, भिंतीपासून किती अंतरावर टेकवणार?"

मी शिडी खाली ठेवली.